पेवात उतरताना

सरकारने ज्वारीचा भाव बांधला आणि आठ दिवसांत बाजारातली ज्वारीच गायब झाली. बांधल्या भावाने विकायला कोण खुळा बसलाय? आमचे धनी कानिफनाथ तर मुळीच नव्हते. बाहत्तर सालचा दुष्काळ, शेवगावचा व्यापारी चोरून दुप्पट भाव द्यायला तयार, आणि आमच्या अंगणाखालचं पेव, म्हणजे धान्य साठवायचा खोल खड्डा, निम्म्यावर ज्वारीने भरलेलं. गावाला मात्र आम्ही सांगत होतो, घरात दाणा नाही. शेजारच्या सहादेवलाही मी त्या सकाळी तसंच सांगितलं, चांगलं तोंड वर करून.

दुपारी बातमी आली, साठे तपासणारे साहेब जीपने पलीकडच्या गावात आलेत. पेव सापडलं तर ज्वारी जाणार, वर धनी तुरुंगात; म्हणून साहेब यायच्या आत ती पोत्यांत भरून हलवायची ठरली.

पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं, मग आत कंदील सोडायचा. विझला तर माणसाने उतरायचं नाही. कोंडलेली हवा जीव घेते, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक. पण दिवसभर उघडं पेव गावाला दिसणार! ह्यांनी झाकण काढलं आणि दोर धरून तसेच उतरायला लागले.

"अवो, कंदील तरी सोडा," मी म्हणाले.

"गप ऱ्हा. पोती टाक खाली."

मी पोतं टाकलं. हाक मारली. वाकून पाहिलं तर ज्वारीवर आडवे पडलेले.

ओरडले तर गाव गोळा होणार, पेव दिसणार, कुणीतरी साहेबाच्या कानावर घालणार. खोटं कशाला सांगू, मी ओरडले नाही. दहा-वीस श्वास तशीच उभी राहिले. त्या दहा-वीस श्वासांची मला अजून भीती वाटते. मग किंचाळले, "धावा! धनी पेवात पडलं!"

सहादेव कुंपणावरून उडी मारून आला. मागोमाग शेजारपाजारही. त्याने दोराला घोंगडी बांधून पेवात खालीवर हाणली, हवा हलवली, मग कमरेला दोर बांधून, श्वास कोंडून उतरला. आम्ही दोघांनाही ओढून वर काढलं. ज्वारी सगळ्यांनी पाहिली.

बऱ्याच वेळाने ह्यांच्या छातीत धुगधुगी आली. डोकं सहादेवच्या मांडीवर, डोळे मिटलेलेच. अजून पेवातच असल्यासारखे मला पुटपुटले, "केशर, कुनाला हाक मारू नगं. सहादेवला तर मुळीच न्हाई."

सहादेवने ऐकलं. मांडी काही त्याने काढून घेतली नाही.