आईला व्हिडिओतून काढायचं नाही

माझ्या लग्नाचा व्हिडिओवाला वामनकाकांनी परस्पर ठरवून टाकला. जळगाव जामोदचा गजेंद्र. काकांच्या मुलीच्या, पुष्पांजलीच्या लग्नाचं शूटिंग त्यानंच केलं होतं. नमुना म्हणून तेच त्यानं आमच्या ओसरीत लॅपटॉपवर लावलं. आई नेहमीसारखी दाराआडून बघत होती.

ड्रोनमधून मांडव दिसला, घोडी दिसली, काकांचा फेटा तर उठता-बसता दिसला. मी मात्र आईला शोधत होते. त्या लग्नात ती आठ दिवस आधीपासून राबली, हळदसुद्धा तिनंच कुटली. आणि अख्ख्या हळदीत ती कुठेच नव्हती. एकदा फक्त वाटी पुढे करणारा एक हात आला, बिनबांगड्यांचा. तो तिचा.

"दादा, माही आई कुठं हाय यात?"

गजेंद्रनं काकांकडे बघितलं. "घरचा एक मानूस आमच्या बाजूले उभा राह्यते, संजीवनीताई. कोनाले घ्याचं, कोनाले नाही, थो सांगते."

तो माणूस कोण, हे विचारायची गरजच नव्हती.

"शुभ कामात पाहा लागते बाप्पा," काका म्हणाले. "तुहे बाबा असते तं गोष्ट अलग होती."

माझं डोकंच सणकलं. "तिनं कुटलेली हळद चालते, अन् तिचं तोंड चालत नाही? मंग मले शूटिंगच नोको!"

गजेंद्र आता गाशा गुंडाळणार असं वाटलं. पण त्यानं दुसरीच फाइल उघडली.

"हे मले कापाले लावलं होतं. कापलं, पन पुसाची हिंमत नाही झाली."

मांडवामागे चुलीजवळ आई एकटीच नाचत होती. पदर खोचलेला, हात पिठाचे, बाहेरच्या डफड्यावर पाय बरोबर पडत होते. बाबा गेल्यापासून मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. मला रडू आलं, आणि रागही.

"अवं माय, मी अशी नाचतो?" आई दारातून म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली.

"हाच शूटिंगवाला पाह्यजे मले," मी म्हणाले. "पन यावेळी बाजूले उभं राहून काका नाही सांगनार. मी सांगीन."

"नवरी सांगते काय कुठं?" काका म्हणाले.

"या घरची म्हनून सांगीन."

हळदीच्या दिवशी आईला मीच हाताला धरून पाटाजवळ आणलं. बायका थबकल्या. आईनं वाटीत बुडवलेली हळदीची बोटं मागे घेतली. मी तिचं मनगट धरलं आणि तळवा माझ्या गालावर दाबला. समोरून काका गजेंद्रला हातानं खुणावत होते, बंद कर म्हणून. गजेंद्रनं माझ्याकडे बघितलं.

"चालू ठेवा दादा. अन् जवळून घ्या."

मी मनगट सोडलं. दुसरा गाल आईनं आपणहून माखला.