घड्याळावरचं वाचन

या बाप्पा, असे जवळ सरकून बसा. कीर्तनाला अजून टाळकरी जमायचे आहेत. तेवढ्यात भीमपूरच्या शकुबाईची गोष्ट सांगतो, आणि तिच्यासोबत एका वाचनपंडिताचीही. देव त्याला सद्बुद्धी देवो. माणसांच्या हातचं ते काम नव्हे.

शकुबाई वांगी-मिरच्या पिकवून बाजारात विकणारी. गावात साक्षरतेचा वर्ग सुरू झाला तेव्हा पन्नाशीत तिनं पाटी धरली. हाव एकच : सप्ताहात पोथीसमोर बसून एक अध्याय आपण स्वतः वाचायचा. सप्ताह भरवणाऱ्या केशवरावांनी सांगूनच ठेवलं होतं, "परीक्षेत पास होतील त्यातली एक बाई यंदा पोथी वाचंल."

वर्ग रुक्माबाई घ्यायची. भजनात मुरलेली बाई. तिनं धडेसुद्धा चालीवर बसवले. बायकांना ते बघता बघता मुखोद्गत झाले. शकुबाईचं मात्र चालीनं भागेना. ती अक्षराखाली बोट ठेवी, ते ओळखी, मगच पुढं सरके.

परीक्षेला हैदराबादेहून डॉक्टर वामनराव आले. वाचन कसं शिकवावं यावर त्यांची जाडजूड पुस्तकं, परदेशात भाषणं. जन्मात एका जिवाला 'क' शिकवला नव्हता, पण शिकवणाऱ्यांना शिकवून शिकवून पोट सुटलं होतं. मिनिटाला जितके शब्द, तितकं वाचन, हा त्यांचा थोर शोध. म्हणून हातात घड्याळ.

वर्गातल्या द्वारकाबाईनं पुस्तक उघडलं सातव्या धड्यावर आणि म्हटला चौथा, असा घडाघडा की मागून कुणी टाळ धरावा. डॉक्टरांची नजर काट्यावर. "उत्तम," ते म्हणाले.

मग शकुबाई. "शे... ता... त..."

"बाई, थांबू नका."

"थांबून नाई राह्यली सायेब, वाचून राह्यली."

"वाचन असं नसतं."

"मंग कसं असते? तुमाले पयल्या दिवशी कसं येत होतं?"

बायका पदराआड हसल्या. डॉक्टरांनी तिला नापास केलं. त्या निकालांवर पुढं त्यांचा प्रबंध गाजला, ते विभागप्रमुख झाले, शाल मिळाली, निर्मल गावच्या कारागिरांचं रंगीत चित्र मिळालं. पाठांतराला वाचन समजणारा माणूस वाचनाच्या गादीवर बसला.

सप्ताह आला. केशवराव शब्दाचे पक्के. पोथीसमोर द्वारकाबाईला बसवलं. तिनं पान पाहिलं. या पानाला रुक्माबाईनं चाल लावलेली नव्हती. मंडप खोळंबला.

"शकू, इकडं ये वो माय," द्वारकाबाई म्हणाली. "मले हे येत नाई. लोकायले काऊन बसवून ठेवू?"

"शकुबाई तं नापास हाय," केशवराव पुटपुटले.

"अन् मी पास हाय. पायलं ना तुमी?"

केशवराव बाजूला सरले. शकुबाई पाटावर बसली. पहिल्या ओवीला इतका वेळ लागला की मागची म्हातारी तिच्यासोबत ओठ हलवू लागली. अध्याय पुरा होईस्तोवर उन्हं कलली. कुणी उठलं नाही.

डॉक्टरांचं नाव विसरलात तरी पाप लागणार नाही, बाप्पा. पण कुणी अडखळत वाचताना दिसलं, तर घाई करू नका. आमच्या शकुबाईची तेवढी आठवण ठेवा.