दिलेल्या लेकी

उंद्रीला भगवानच्या ओसरीवर कॅन्सर हॉस्पिटलच्या सुचिता मॅडमनी आमच्या घराण्याचा मोठा कागद पसरला. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. ज्याला कॅन्सर झाला, त्याचा आकार काळा करायचा. भगवानची लेक, माझी भाची निशिगंधा चौतिसाव्या वर्षीच काळी झाली होती. तिच्या जनुकांत दोष निघाला होता. तो आईकडून आला की बापाकडून, हे कळलं तर त्या बाजूच्या लेकींना वेळेत तपासता येणार होतं.

"आमच्या घरात कोणालेच नाही," माझा भाऊ भगवान म्हणाला. "हिच्या माहेरचं पाहा."

त्याची बायको गीताबाई खाली बघत राहिली. वर्षभर ती हेच ऐकत होती.

"तुमच्या बहिणी, आत्या?" मॅडमनी विचारलं.

"त्या दिलेल्या. त्या त्यांच्या घरच्या."

तो खोटं बोलत नव्हता. आमच्याकडे असंच मोजतात. दिलेली लेक आजारी पडली, की तिला तिकडचं पाणी बाधलं म्हणायचं.

माझी धाकटी बहीण कोकिळा शेवटच्या आखाजीच्या सणाला माहेरी आली, तेव्हा चुलीपाशी तिने मला पदराआडची हळदीची पट्टी दाखवली होती. "बाई, कोणाले सांगू नको. पोरीची सोयरिक व्हायची हाय." मी सांगितलं नाही. सासरी पिंपळगाव राजाला ती वारली, तेव्हा चाळिशीही झाली नव्हती.

आता बोलले, तर माझी लेक सुवर्णाही या कागदावर येणार होती.

"कोकिळा छातीच्या गाठीनं गेली," मी म्हणाले. "आमची आत्याबी तशीच."

"बाई, काऊन उकरून राह्यली? गेल्या त्या," भगवान म्हणाला.

"कोकिळेच्या पोरी हायेत ना. त्याइले तू सांगशीन?"

मॅडमनी दोन गोल काळे केले. मग माझा पांढरा गोल काढला आणि पेन थांबवलं. "तुम्हाला मुलगी?"

"हाये. चिखलीले दिली," म्हटलं आणि जीभ चावली. "माह्यात दोष नसला, तर तिले माह्याकडून येत नाही ना?"

"नाही."

"आन् असला तर?"

"तर मुलीलाही तपासावं लागेल."

मी बांगड्या वर सारून हात पुढे केला. सुई टोचताना गीताबाई शेजारी येऊन बसली.

रिपोर्टला महिना लागणार होता. "तवरोक सुवर्णाले सांगू नको," भगवान म्हणाला. "उगाच जीव टांगणीले."

मी फोन लावला.

"बोल आई," सुवर्णा म्हणाली.