कीर्तीबाई कोण?

ऋतुराजनं चोरी केली नव्हती की दरोडा घातला नव्हता. सत्काराच्या फ्लेक्सवर आईचं नाव तेवढं बदललं होतं. हल्ली पोराच्या नावापुढं आधी आईचं नाव लागतं, मग बापाचं. सरकारी कागदावर हात चालेना, पण फ्लेक्सवर कोण विचारतंय? त्यानं दुकानदाराला सांगितलं, ‘ऋतुराज कीर्ती कुंडलिक’ टाका. सोलापुरातल्या अभ्यासिकेच्या पोरांसमोर ‘केराबाई’ म्हणायचं? केर! नुसत्या विचारानंच त्याचे कान तापले.

आणि ती बिचारी! पोरगं परीक्षा पास होऊन अधिकारी झालं यापेक्षा तिला त्या नावाचंच कौतुक. ‘म्हंजे माजं नाव तुज्या नावाला लागनार व्हय रं? सगळ्यांम्होरं वाचून दाकवत्यात?’

केराबाईला आपल्या नावाचा भारी तोरा. तिच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून ती जन्मली तशी तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या शिवम्मानं ‘कुणाचं गं हे पोर?’ म्हणत उचललं आणि पसाभर ज्वारी घेऊन तिच्या आईलाच विकलं. केरात सापडलेल्या पोरीकडं मरण फिरकत नाही म्हणे. ‘केराबाया लई चिवट, बाबा,’ ती सांगायची. मोहोळकडच्या तिच्या माहेरात एक केराबाई सुईण होती; अर्धा गाव तिच्या हातावर जन्मला. दुसरीनं लांडग्याच्या जबड्यातून कोकरू ओढून काढलं होतं. ‘आन तिसरी मी! मी तुला हापिसर करनार!’ म्हणून खो खो हसायची. लहानपणी ऋतुराजही हसायचा. मग शहाणा झाला. मुडदा बशिवला त्या शहाणपणाचा!

कार्यक्रमाला ती ठेवणीतलं इरकल नेसून पहिल्या रांगेत बसली. सूत्रसंचालक दिग्विजय सरांना नावांवर बोलायचा मोठा नाद. फ्लेक्सकडं हात करून सुरूच झाले, ‘कीर्ती म्हणजे नावलौकिक! या नावाच्या बायकांनी मैदानं गाजवली, कोर्टात निकाल दिले, गाण्याच्या मैफली जिंकल्या!’ टाळ्या पडल्या. केराबाईनंही जोरजोरात वाजवल्या.

‘तर मातोश्री कीर्तीबाईंनी मंचावर यावं!’

कुणीच उठेना. केराबाई वळून वळून मागं बघायला लागली. शेजारणीला म्हणाली, ‘अवो, तुमीच का कीर्तीबाई? उटा की! कवाधरनं बोलवत्यात.’

मंचावर उभ्या ऋतुराजला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आई म्हणून एक हाक मारायची होती. तेवढीही त्यानं मारली नाही.

‘अरे, आई आल्यात ना?’ सरांनी विचारलं. त्यानं मान खाली घातली आणि पहिल्या रांगेकडं बोट केलं.

केराबाईनं ते बोट पाहिलं. मग वर फ्लेक्सकडं पाहिलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई ती. ओठ हलवत, एकेक अक्षर लावत तिनं वाचलं. वाचून झाल्यावर तिनं ऋतुराजकडं बघितलंच नाही. पदर सावरला आणि उठली.

सरांनी माईक तिच्या तोंडापुढं धरला. ‘आई, तुमचं नाव सांगा. अभिमानानं सांगा!’

‘कीर्ती,’ ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, ‘कीर्तीबाई.’ आणि हसली. पोराची अब्रू झाकायची म्हणून हसली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी एक सणसणीत थोबाडीत द्यावी असं ऋतुराजला वाटत होतं, आणि लोक येऊन हार घालत होते.

परतताना एसटीत सत्काराची शाल तिनं घडी करून मांडीवर ठेवली होती. लाजेनं त्याला तिच्याकडं बघवेना. मोहोळ जवळ आलं तेव्हा ‘माझं चुकलं’ म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात तीच त्याच्याकडं वाकली आणि शेजारच्या प्रवाशाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली,

‘बाबा, ते नाव पुन्यांदा सांग की. तुज्या हापिसात कुनी इचारलं, तर ऐन येळंला मी इसरायची.’