तोमाशचे गोल

मालविकाने तोमाशची टाच तळहातावर घेतली आणि त्याचा गुडघा हळूहळू दुमडत छातीकडे नेला. आत कुठेतरी बारीक करकरलं. तोमाशने डोळे मिटले, पण तो कण्हला नाही.

"दुखतंय?"

"दुखणं जुनं आहे. तुम्ही नव्या आहात," तो त्याच्या अडखळत्या इंग्रजीत म्हणाला.

त्याच्या उंचीला टेबल अपुरं पडत होतं. पावलं बाहेर लोंबत होती. नाक दोनदा मोडून वाकडं बसलेलं. पोलंडमधल्या कोळशाच्या खाणींच्या एका गावात तो चेंडू अडवायला शिकला आणि पुढे आयुष्यभर तेच करत राहिला. उतरत्या वयात दोह्यातल्या एका क्लबकडून खेळायला आला, आणि खेळणं थांबल्यावर बायकोसह इथेच राहिला. आता तो एका शाळेत फुटबॉल शिकवत होता. जुन्या क्लबने माजी खेळाडूंचा सामना ठरवला होता. त्यात शेवटची काही मिनिटं का होईना, मैदानात उतरायचं त्याच्या मनात होतं. त्यासाठीच तो ओल्ड एअरपोर्ट भागातल्या या क्लिनिकमध्ये येत होता. गुडघा साथ देईल की नाही, ते फिजिओथेरपिस्ट म्हणून मालविका सांगणार होती.

"बचाव करणाऱ्याचं काम कुणाला दिसत नाही," तो छताकडे बघत म्हणाला. "गोल झाला नाही म्हणजे काहीच घडलं नाही, असं लोकांना वाटतं. पण मीही एक गोल केलाय. बर्फ पडत होता. कॉर्नरवरून चेंडू आला आणि मी डोक्याने मारला. ओला चेंडू. दगडासारखा बसला कपाळावर."

हे सांगताना त्याचा चेहरा इतका उजळला, की मालविका दुसरा गुडघा घ्यायचं विसरली.

पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा तो गोल सांगितला. या वेळी तो इथे, दोह्यात झाला होता, उकाड्यात, डाव्या पायाने.

"त्या दिवशी तुम्ही डोक्याने म्हणाला होतात," मालविका सहज म्हणाली.

तोमाशने तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग तो स्वतःच आपला गुडघा चोळू लागला.

त्या संध्याकाळी तिचा नवरा सदानंद रास लफानच्या गॅस प्रकल्पातून शिफ्ट संपवून आला तेव्हा तिने जेवताना त्याला हे सांगितलं. सदानंदला फुटबॉलचं वेड होतं, आणि तोमाशला त्याने इथल्या स्टेडियममध्ये खेळताना पाहिलं होतं.

"तो? अगं, भिंत होती नुसती. पण गोल?" त्याने डाव्या हाताने फोन उचलला, थोडं शोधलं आणि स्क्रीन तिच्यासमोर धरली. "हे बघ. अख्ख्या करिअरमध्ये एक नाही. थापा मारतोय तुला."

"मला थाप मारून त्याला काय मिळणार आहे?"

"वय झालं की माणूस थोडं रंगवून सांगतो. तू जेव."

ती जेवली, पण तिला तो खिडकीकडे बघणारा चेहरा आठवत राहिला.

नंतरच्या खेपेला तोमाशबरोबर त्याची बायको आली. एव्हा लहानखुरी होती. त्याच्या खांद्याच्याही खाली. तो आत गुडघ्यावर शेक घेत पडला असताना तिने मालविकाला बाहेर बोलावलं.

"त्यांना खेळू देऊ नका," ती म्हणाली.

"गुडघा बराच सुधारलाय."

"गुडघा नाही." एव्हाने स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. "वॉर्सातल्या डॉक्टरांनी सांगितलंय. इतकी वर्षं डोक्यावर झेललेल्या चेंडूंनी मेंदूला इजा झालीय. आता एकही फटका बसता कामा नये. त्यांना वाटतं नुसती डोकेदुखी आहे. मी तसंच सांगितलंय. मी खेळू नका म्हटलं तर कारण विचारतील. तुम्ही गुडघ्याचं सांगा. ते तुमचं ऐकतील."

पेशंटला त्याच्याच शरीराबद्दल खोटं सांगायची वेळ मालविकावर आजवर आली नव्हती.

"आणि ते गोल?" तिने विचारलं.

"ते नवे आहेत." एव्हा किंचित हसली. "तरुणपणी ते एका गोलासाठी किती झुरले. झालाच नाही. आता मधूनमधून होतो. मी ऐकून घेते."

मालविका आत आली. तिने शेकाची पिशवी बाजूला ठेवली, टॉवेलची घडी केली, ती उलगडून पुन्हा केली.

"मिस्टर तोमाश, सामना नको. गुडघा अजून तयार नाही."

तोमाश उठून बसला. टेबलावरून उतरला, सावकाश उकिडवा बसला आणि कशाचाही आधार न घेता उभा राहिला.

"हा गुडघा?"

मालविकाने मान खाली घातली.

"एव्हाने सांगितलं," तो म्हणाला. त्यात विचारणं नव्हतं. "वॉर्सात डॉक्टर तिच्याशी बोलत होते तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. दार उघडं होतं. माझी जागा सगळ्यात मागे असायची, मला सगळं ऐकू येतं."

"मग तुम्ही त्यांना..."

"तिला कळू देऊ नका. मला माहीत नाही असं समजून ती झोपते. नाहीतर झोपणार नाही."

मालविकाला विचारावंसं वाटलं आणि विचारू नये असंही वाटलं. तरी ती बोलून गेली, "पण मग गोल?"

तोमाश बुटाची नाडी बांधायला वाकला. बोलला तो खालीच बघत.

"काही दिवशी ते खरेच झालेले असतात. मला चेंडू दिसतो, माणसं ओरडताना ऐकू येतात. काही दिवशी मला पक्कं ठाऊक असतं की झाले नाहीत." नाडी बांधून झाली होती, तरी त्याची बोटं तिथेच होती. "तरी सांगतो. मी सांगत असताना तिचा चेहरा बघा कधीतरी."

दार हलकेच वाजलं. एव्हाने डोकावून पाहिलं.

"काय म्हणाल्या?"

"गुडघा खलास," तोमाश म्हणाला. "सामना नाही."

एव्हाने मालविकाकडे पाहून मान हलवली, आभार मानल्यासारखी. तोमाश दाराकडे निघाला. निघाला तो लंगडत, प्रत्येक पावलाला तोंड वाकडं करत. सकाळी येताना तो मुळीच लंगडत नव्हता.

एव्हाचे डोळे क्षणभर त्याच्या पायांवर थांबले. मग ती पुढे झाली, त्याचा हात उचलून तिने आपल्या खांद्यावर घेतला, आणि दोघं त्या लंगडण्याला जमेल अशा चालीने, सावकाश, बाहेरच्या उन्हात गाडीकडे गेली.