उथळ पाण्याचं बेट

नानासाहेबांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. सगळं आयुष्य दौलताबादच्या किल्ल्याखाली गेलेलं. पाणी म्हणजे विहिरीचं, नाहीतर नळाचं, तेही आलं तर. आणि अशा माणसाला जावयानं कॅरिबियनमधलं बेट निवडायला बसवलं. आता काय म्हणावं!

झालं असं, की दिवाळी होऊन आठ-दहा दिवस उलटले होते. नानासाहेब सीताफळांची शेवटची पाटी आणि डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा घेऊन शहरात, सिडकोत, लेकीच्या घरी आले होते. जावई सुदर्शन वाळूजच्या एका कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर. कंपनीनं त्याला दोन वर्षं अमेरिकेत धाडलं होतं, तिथं त्याला पाण्याखाली उतरायचा नाद लागला. पाठीवर हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची आणि तासभर माशांमध्ये हिंडायचं. तिकडचे दोन दोस्त डिसेंबरात कॅरिबियनला निघाले होते. त्याच सुमाराला वाळूजच्या कारखान्यातली लाईन दुरुस्तीसाठी बंद राहणार होती. या खेपेला बायकोलाही पाण्यात उतरवायचं, हे पठ्ठ्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

"मामा, तुम्हीच निवडा," टीव्हीवर तीन बेटांची चित्रं लावत सुदर्शन म्हणाला. "तुमची निवड चुकत नाही. मला निवडलंत की नाही?"

विहीणबाई, लीलाबाई, खळखळून हसल्या. लेक प्रेरणा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली नाही.

"हे केमन. किनाऱ्यापासून जरा पुढं गेलं की समुद्राचा तळच संपतो. सरळ भिंत, खाली नुसता काळोख. हे साबा. डोंगरच पाण्यातून वर आलाय, तिथं विमान उतरतं तेव्हा जीव मुठीत धरून बसावं लागतं. आणि हे बोनेर. इथं बोटसुद्धा लागत नाही, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. शिकाऊ लोकांना बरं, पण जरा मिळमिळीत."

"तिथं पाणी किती?" नानासाहेबांनी विचारलं.

"गुडघ्यापासून सुरू. मग हळूहळू खोल."

"अन् दवाखाना?"

"आहे की. मामा, आपण फिरायला चाललोय, ॲडमिट व्हायला नाही!"

"मग हेच घ्या," नानासाहेब म्हणाले.

सुदर्शननं तिथल्या तिथं दोस्तांना फोन लावून कळवलं, की सासऱ्यांनी उथळ बेट पसंत केलं. तिकडूनही हसण्याचे आवाज आले. नानासाहेब हसल्यासारखं करून पाणी प्यायले. नजर मात्र लाडवांच्या डब्यावरच होती.

कारण त्या डब्यात वर लाडू होते आणि लाडवांखाली, कागदाच्या घडीत, महिन्याभराच्या गोळ्या होत्या.

प्रेरणा चौदा वर्षांची असताना गोठ्याशेजारच्या हौदाजवळ कोसळली होती. तोंड पाण्यात, हातपाय ताठ, डोळे पांढरे. हौदात पाणी ते केवढं, वासराच्या गुडघ्याएवढं. नानासाहेबांनी तिला ओढून काढली नसती तर तेवढ्या पाण्यातच पोर गेली असती. मग जालना झालं, पुणे झालं. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून इथला डॉक्टर मुद्दाम टाळला. पुण्याच्या डॉक्टरनं बजावलं होतं, एकही दिवस गोळी चुकवायची नाही, पाण्यापासून जपायचं, आणि लग्न कराल तेव्हा त्या लोकांना सांगायचं. पहिलं ऐकलं. दुसरं ऐकलं. तिसरं? छे! कोण सांगतं? भावकीत कळलं असतं तर पोरीला स्थळ आलं नसतं. घरात त्या दुखण्याला नावसुद्धा नव्हतं, सगळे नुसतं 'ते' म्हणायचे. सोयरीक जुळवताना लीलाबाईंनी सरळ विचारलं होतं, मुलीला काही दुखणं-बिखणं? आणि नानासाहेबांनी छाती काढून सांगितलं होतं, पोरगी तब्येतीनं खणखणीत हाय.

लग्नाला तीन वर्षं झाली. गोळ्या दर महिन्याला लाडवांखालून येत राहिल्या आणि 'ते' पुन्हा फिरकलं नाही. नानासाहेबांना वाटायला लागलं होतं, गेली ब्याद.

"आता हा एवढा फॉर्म," सुदर्शन लॅपटॉप मांडीवर घेत म्हणाला. "तिथले शिकवणारे लोक मागतात. प्रेरणा, मी वाचतो, तू हो-नाही सांग. दमा?"

"नाही."

"हृदयाचं काही?"

"नाही."

"कानाचं ऑपरेशन? नाही. बरं, फिट, फेफरं, कधी अचानक शुद्ध हरपली?"

 प्रेरणानं बापाकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. पोरगी सांगणार! इथं, विहिणीसमोर! तिकडं शिवमची, धाकट्याची, जानेवारीत सुपारी फुटायची होती. बहिणीला फेफरं म्हटल्यावर त्याच्या दारात तरी कोण उभं राहील?

"नाय," नानासाहेब म्हणाले. "आमच्या घराण्यात असलं काय नाय."

सुदर्शननं मान वर न करता खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला.

प्रेरणा त्यांना सोडायला खाली पार्किंगपर्यंत आली. बराच वेळ पाटीची दोरी गुंडाळत राहिली.

"अण्णा, तुम्ही सांगाल असं वाटलं होतं मला. माझ्यानं होत नाही, पण तुम्ही बाप आहात."

"अगं, संसार मोडायचाय का तुला? लई शहाणपण नको. तिथं गेल्यावर कान दुखतो म्हण. कान दुखला तर पाण्यात उतरू देत नाय म्हणं. बस काठावर, माशे बघ."

"आणि नाही चाललं तर?"

"चालतंय. मी उथळ बेट निवडलंय ना?"

ती मान हलवून वर गेली. लहानपणापासून तशीच, सांगितलेलं ऐकणारी. नानासाहेब मोटरसायकलीवर बसले आणि वाटेतली छावणी ओलांडेपर्यंत त्यांना आपण मोठी तोड काढली असंच वाटत होतं.

घरी बायकोनं, रत्नमालाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. त्या सूप घेऊन डाळ पाखडत होत्या. हात थांबवून त्यांनी एवढंच विचारलं, "आपला हौद किती खोल व्हता वो?"

"गप बस," नानासाहेब म्हणाले.

"गपच बसले मी. तेरा वर्सं गप बसले. माज्या लेकराला पाण्यात घालायला निघाले तुमी."

  मग डिसेंबर उजाडला, पेरूचा तोडा सुरू झाला आणि विषय मागं पडला. म्हणजे नानासाहेबांच्या मागं पडला. बाईंनी मात्र नवा डबा भरला. गोळ्यांची घडी तळाला नीट बसवली, वर लाडू रचले. निघायच्या दिवशी नानासाहेब तो डबा स्वतः पोचवून आले.

त्याच संध्याकाळी मुंबईच्या विमानतळावरून प्रेरणाचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"अण्णा, डबा राहिला. लिफ्टपाशी सासूबाईंनी बॅगेतून काढून घेतला. म्हणाल्या, परदेशात लाडू नेतं का कुणी, आणि कामवाल्या कडूबाईला देऊन टाकला. मला मागता येईना. माझ्याकडं दोनच गोळ्या आहेत."

"दुकानातून घे की."

"चिठ्ठीशिवाय देत नाहीत. आणि हे सोबत आहेत. अण्णा, मी ह्यांना सांगू का?"

आता सांगायचं ना माणसानं, की सांग बाई, खड्ड्यात गेली सोयरीक! पण नाही. नानासाहेब म्हणाले, "आठ दिसांनी काय व्हतंय? तीन वर्सांत काय झालं? जा निवांत. कानाचं ध्यानात ठेव."

पुढचे चार दिवस घरच्या ग्रुपवर फोटो येत राहिले. निळं पाणी, रंगीत घरं, सुदर्शन आणि दोस्त काळ्या रबरी पोषाखात. प्रेरणा सगळ्या फोटोंत कडेला, टोपी घातलेली, काठावर. नानासाहेब प्रत्येक फोटो बायकोपुढं धरायचे. बघ, म्हणायचे, बसलीय की नाय काठावर? बाई बघायच्या नाहीत.

पाचव्या दिवशी सांज होत आली होती. अंगणात बाया पेरू निवडून क्रेटमध्ये भरत होत्या. शिवम वाळूजला दुसऱ्या पाळीवर गेला होता. तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. तिकडं सकाळचं ऊन होतं. एका चौकोनात सुदर्शन, दुसऱ्यात सिडकोतून लीलाबाई. सुदर्शनच्या मागं प्रेरणा उभी होती, अंगात तोच काळा पोषाख.

"मामा, सॉरी हां, तुम्हाला त्रास देतोय," सुदर्शन वैतागला होता. "ही रोज नवीन नाटक करते. आधी कान दुखतो म्हणाली. डॉक्टरला दाखवला, कान ठणठणीत. आता पाण्याशी आल्यावर म्हणते, मला लहानपणापासून फिट येतात. मी म्हटलं, भीती वाटते तर सरळ सांग, असलं काहीतरी बोलू नको. तर म्हणते, अण्णांना विचारा. दोस्त खोळंबलेत माझे. तुम्हीच सांगा आता, खरं आहे का हे?"

"अगंबाई!" लीलाबाई म्हणाल्या. "फिट? नानासाहेब, हे काय ऐकतेय मी?"

पेरू भरणाऱ्या बायांचे हात थांबले होते. निदान नानासाहेबांना तसं वाटलं. प्रेरणा पडद्यातून त्यांच्याकडे बघत होती. एकच शब्द हवा होता तिला. तिनं आपल्या जिवाचं सगळं ओझं त्या एका शब्दावर ठेवलं होतं, आणि तो शब्द नानासाहेबांच्या जिभेपर्यंत आलाही होता. पण समोर विहीण बसलेली.

"नाय," ते म्हणाले. "असलं काय बी नाय, जावईबापू. भ्याली असंल पोरगी. पाण्याची सवं नाय तिला. जरा सांभाळून घ्या."

"बघ! ऐकलंस?" सुदर्शन मागं वळून म्हणाला.

प्रेरणा रडली नाही की काही नाही. "बरं, अण्णा," म्हणाली, आणि पडदा काळा झाला.

नानासाहेब फोन धरून तसेच उभे. मागं पाऊल वाजलं. रत्नमालाबाई दारात होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तीन दिस झाले," त्या म्हणाल्या. "तीन दिस गोळी नाय तिच्या पोटात. अन् तिनं तुमाला इचारलं, तर तुमी नाय म्हनले?"

बाई ओरडल्या असत्या तर नानासाहेबांनी उलट आवाज चढवला असता. पण त्या ओरडल्या नाहीत. हळूहळू चालत गोठ्याकडे गेल्या आणि हौदाला हात लावून उभ्या राहिल्या.  ताठ झालेले ते हात, नाकातोंडातून निघणारं ते पाणी, तेव्हा कुठं नानासाहेबांना सगळं तसंच्या तसं दिसलं.

त्यांनी सुदर्शनचा नंबर लावला. रिंग वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. प्रेरणाचा लावला, तो बंद. बाईंनी शिवमला लावला, तिथल्या कुणाशी इंग्रजीत बोलायला तरी पोरगा सापडंल म्हणून. पण कारखान्यात लाईनवर फोन नेऊ देत नाहीत, तो लॉकरमध्ये वाजत राहिला असणार. नानासाहेबांनी चौथ्यांदा सुदर्शनचा लावला, आणि कुणीतरी उचलला.

"हॅलो?" आवाज परका होता. किनाऱ्यावर सामान राखायला बसलेला कुणी माणूस असावा. मागं लाटांचा आवाज येत होता.

"जावईबापूंना द्या! सुदर्शन! सुदर्शनला द्या!"

तो माणूस काहीतरी म्हणाला. कुठली भाषा होती देव जाणे.

"अहो, तिला काढा! माझ्या पोरीला काढा बाहेर! व्हय, फिट येती तिला! फेफरं हाय! मी खोटं बोललो, मी! नो वॉटर! नो वॉटर!"

"वॉटर?" तो माणूस मनापासून म्हणाला. "येस, येस. वॉटर." आणि त्यानं फोन ठेवला.

 बाया पेरू हातात धरून बघत होत्या. कुंपणापलीकडं चुलतभाऊ आणि त्याची सून येऊन उभी राहिली होती. जे नाव तेरा वर्षं ह्या घरात कुणी काढलं नव्हतं, ते नानासाहेबांनी साऱ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडून सांगितलं होतं. चुलतभाऊ काहीतरी विचारत होता. नानासाहेबांना ते ऐकू आलं नाही.

"लावा," हौदापासून रत्नमालाबाई म्हणाल्या. "लावा की परत."

त्यांनी परत लावला. तिकडं, गुडघाभर पाण्यापासून सुरू होणाऱ्या त्या बेटावर, फोन वाजत राहिला.