लाल दोऱ्याची काठी

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची काठी आहे, मासे पकडण्याची. माझ्या टोकाला दोरी आणि दोरीला गळ. कमरेत जरा बाक आला आहे, पण मोठा मासा अजून पेलते. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकते. मी फार मत्सरी आहे.

माझे मालक घड्याळे दुरुस्त करतात. तरुणपणी त्यांनीच मला आचेवर शेकून सरळ केले. माझे दोन तुकडे जिथे जोडले, तिथे त्यांच्या शिंपी मित्राने लाल दोरा असा घट्ट गुंडाळला, की आजवर एक वेढा सुटलेला नाही. म्हणजे मी निम्मी एकाची आणि निम्मी दुसऱ्याची. दर सुट्टीला दोघे मला घेऊन तलावावर जात. मासा लागला की काठी दुसऱ्याच्या हातात, असा त्यांचा नियम होता. ज्याच्या हातात मी नसे, तो जाळी धरून शेजारी बसे आणि तोंडाचा पट्टा सोडे. शिंपी गिऱ्हाइकांच्या नकला करी, मालक हसून हसून मला हलवीत आणि जवळ आलेले मासे पळून जात. तरीही किती बास मासे मी वर काढले, त्याची गणती नाही. "हिच्यासारखी काठी शोधून सापडायची नाही," असे मालक म्हणत. ते ऐकून मी मनात फुगत असे.

मग मालकांच्या लेकीने परगावाहून एक लांब खोका पाठवला. त्यातून काळी, चकचकीत काठी निघाली. बुडाशी दोरीची चक्री आणि वजन म्हणाल तर काहीच नाही. मालकांनी तिला मांडीवर घेऊन मऊ फडक्याने पुसले. माझ्या अंगावरून फडके कधी फिरले होते, ते मला आठवेना. माझा नुसता तिळपापड झाला. नव्याचे नऊ दिवस, असे मी स्वतःला समजावले. नऊ झाले, दहावाही गेला, पण माझ्याकडे कुणी बघेना. उलट मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, ती जुनी आता मला द्या. टोमॅटोच्या रोपाला आधार हवाय."

"या सुट्टीला शिंपी वापरेल ती," मालक म्हणाले. "एखादा तरी मासा लागला तर त्याच्याकडे राहू दे. नाहीतर घे तुझ्या टोमॅटोला."

म्हणजे माझा शेवट एका माशावर येऊन ठेपला होता.

आमच्या मालकांची एक खोड आहे. कुठलेही यंत्र नीट चाललेले त्यांना बघवत नाही. ते उघडून आत काय आहे हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी डोळ्याला भिंग लावले, त्या नव्याकोऱ्या चक्रीचे सगळे स्क्रू काढले, तेलाचा थेंब सोडला आणि सगळे परत बसवले. तेवढ्यात तांदळाच्या दाण्याएवढी एक स्प्रिंग घरंगळत टेबलाच्या पायामागे गेली. मालकांनी ती पाहिली नाही. कोपऱ्यातून मी पाहिली. मला बोलता येत नाही हे खरे, पण येत असते तरी मी गप्पच बसले असते.

तलावावर दोघे वीस पावलांच्या अंतराने बसले. दोन काठ्या झाल्या, दोऱ्या एकमेकींत अडकायला नकोत. त्यामुळे ना गप्पा, ना नकला. शिंपी एकदा बोलायला गेला तर मालक म्हणाले, "थांब रे, आधी फेकू दे मला."

"लांब जाते रे तुझी," शिंपी म्हणाला.

"लेकीने पाठवलीय," मालक म्हणाले.

शिंप्याची मूठ माझ्यावर घट्ट आवळली. तोही माझ्यासारखाच जळत होता, हे मला कळले आणि बरे वाटले.

दुपार व्हायच्या आत काळीला मोठा बास लागला. मालक ओढायला गेले, पण चक्री धरेच ना. ती गरागरा उलटी फिरली आणि दोरीचा घरट्यासारखा गुंता झाला. मी मनात टाळ्या पिटल्या. "अरे, ये लवकर," मालक ओरडले. शिंपी मला दगडाला टेकवून धावला. पण तो पोचेपर्यंत मासा पाण्याबाहेर उसळला आणि गळ झटकून निघून गेला.

"लेकीला फोटो पाठवणार होतो रे," मालक म्हणाले. त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझ्या टाळ्या तिथेच थांबल्या.

जात्यातले रडतात, सुपातले हसतात, म्हणतात ना? त्याच क्षणी माझ्या गळाला हिसका बसला आणि मी सरळ पाण्यात. खाली मासा ओढत होता, वर मी तरंगत होते आणि काठ लांब चालला होता. आयुष्यभर ज्याची वाट पाहावी असा मासा लागला, पण मला धरायला कुणीच नव्हते.

"तुला पोहता येतं?" मालकांनी विचारले.

"तुझ्याएवढंच," शिंपी म्हणाला. म्हणजे दोघांनाही येत नव्हते. "गुंता काप आणि तुझ्या काळीचा गळ हिच्यावर फेक."

चार वेळा गळ माझ्या शेजारी पडला. पाचव्यांदा तो माझ्या लाल दोऱ्यात रुतला. चक्री निकामी होती, म्हणून कापड मोजावे तशी शिंप्याने हात हात दोरी मागे घेतली. काळी कमरेत निम्मी वाकली, करकरली, पण तिने मला सोडले नाही. मी किनाऱ्याला लागले तेव्हा मासा अजून माझ्या गळाला होता.

"मासा कुणाचा?" मालकांनी विचारले.

"काठी तुझी, दोरा माझा आणि गळ लेकीचा," शिंपी म्हणाला. "हिला तुझ्याच कोपऱ्यात ठेव. पुढच्या वेळेपासून एकच काठी आणू, कधी ही, कधी ती. नकला ऐकायला मासे थोडेच येणार आहेत?"

मालकीणबाईंच्या टोमॅटोला मोडक्या छत्रीचा दांडा मिळाला.

घरी चक्री उघडल्यावर मालकांना आपली चूक उमगली. चार दिवस ते स्प्रिंग शोधत होते. ती कुठे आहे हे फक्त मला ठाऊक होते. पाचव्या दिवशी मालकीणबाईंचा झाडू टेबलाच्या पायाशी पोचला, तेव्हा मी त्या काळीसाठी देव पाण्यात ठेवून बसले. केर सुपलीत गेला, त्यात काहीतरी चमकले आणि मालक म्हणाले, "थांब."

मित्रांनो, माझा मत्सर गेला असे मी सांगणार नाही. त्या दिवशीही फडके आधी काळीवरूनच फिरले. मग मालकांनी ते खाली ठेवले, कोपऱ्याकडे पाहिले, पुन्हा उचलले आणि माझा लाल दोरा सावकाश पुसला. नव्या वस्तू जरूर आणा. फक्त फडके खाली ठेवण्याआधी एकदा कोपऱ्याकडे बघत जा.